वॉर्ड ‘लेडीज’ झाला, पण नडवळी कोण वाचते? : सीमाभागातील स्त्री-प्रतिनिधित्वाविषयी

मार्कंडेयकाठ (धागा सुरू करणारी)

आमच्या गावात आरक्षण जाहीर झाले की पहिले वाक्य ठरलेले असते : ‘वॉर्ड लेडीज झाला.’ दुसरेही ठरलेले असते : ‘मग वैनींचा अर्ज भरूया.’ २०१५ मध्ये असा एका वैनींचा अर्ज भरला गेला आणि ती वैनी मी होते. बेळगाव तालुक्यातील एका ग्रामपंचायतीत मी २०१५ ते २०२० अशी पाच वर्षे सदस्य होते. सतरा जणांत आम्ही नऊ स्त्रिया होतो. स्त्रियांना राजकारणातले काही कळत नाही, त्या नुसत्या सहीपुरत्या असतात, हे वाक्य या पाच वर्षांत मी इतक्या वेळा आणि इतक्या चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकले, की त्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे ठरवले. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आणि बिदर-कारवार भागातल्या सभासदांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत.

प्रथम एक गोष्ट नोंदवते, कारण आपल्यापैकी अनेकांना तिचा विसर पडलेला आहे. स्त्रियांना पंचायतीत राखीव जागा मिळाल्या त्या ७३ व्या घटनादुरुस्तीमुळे, असे आपण म्हणतो. ती दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि तिने एकतृतीयांश जागा दिल्या. पण कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांच्या सरकारने १९८३ मध्येच पंचायतींचा नवा कायदा केला होता, त्यात स्त्रियांसाठी २५ टक्के जागा होत्या आणि त्यानुसार १९८७ मध्ये निवडणुकाही झाल्या. पुढे २०१० मध्ये हे प्रमाण ५० टक्के झाले. म्हणजे आमच्या गावातील माझ्या सासूबाईंच्या पिढीने स्त्रीला पंचायतीत बसलेले पाहिले आहे. एवढा काळ लोटल्यावरही लोकांचे मत ‘सहीपुरती बाई’ एवढ्यावरच का थांबावे, हा माझा प्रश्न आहे, आणि आपल्या भागापुरते त्याचे एक कारण मला स्वतःच्या सहीखाली सापडले आहे.

निवडून आल्यानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या मासिक सभेत आमच्या गल्लीच्या पाण्याच्या पाइपचा विषय मी मांडला. मराठीतच मांडला. सभेतले बहुतेक सगळे मराठीच बोलतात, त्यामुळे चर्चाही मराठीत झाली आणि सर्वांनी मान्यता दिली. मग सह्यांसाठी नोंदवही फिरली. तिला आमच्याकडे सगळे नडवळी म्हणतात, सभेचे वृत्त तिच्यात असते आणि ते कन्नडमध्ये लिहिलेले असते. कारकुनाचे बोट जिथे टेकलेले असेल तिथे सही करायची, ही पद्धत मला पहिल्याच दिवशी दाखवण्यात आली होती. तीन महिन्यांनी गल्लीत पाइप आला नाही. वरच्या आळीत मात्र गटार खणायला सुरुवात झाली. मी कार्यालयात जाऊन वही मागितली. शाळेत कन्नड हा माझा एक विषय होता, पण कवितेतले कन्नड वेगळे आणि कार्यालयातले वेगळे. त्यात लग्नानंतर वीस वर्षांत ते अक्षर डोळ्यांखालून गेलेले नव्हते. एकेक अक्षर जुळवत मी त्या ठरावापर्यंत पोहोचले. ‘कुडियुव नीरु’ म्हणजे पिण्याचे पाणी, एवढे मला माहीत होते आणि मी तेच शब्द शोधत होते. तिथे ‘चरंडी’ असे लिहिले होते. चरंडी म्हणजे गटार. आणि खाली माझी सही होती, पूर्ण नावाची, शाळेत बक्षीस मिळालेल्या माझ्या अक्षरातली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी मालकांना सांगितले. ते उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला आहेत, तिथे कन्नड बोलणे-वाचणे रोजचेच. पुढच्या सभेला ते माझ्याबरोबर आले, केवळ वाचून दाखवायला. माझ्या सांगण्यावरूनच आले. त्यानंतरच्या सभेलाही आले. दोन-तीन महिन्यांत असे झाले की पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब विषय त्यांनाच समजावून सांगू लागले, इतर सदस्य त्यांच्याशीच बोलू लागले, आणि मी शेजारी बसून मान हलवू लागले. माझ्या नवऱ्याने माझी खुर्ची बळकावली नाही. ते वाचायला आले आणि बोलायला लागले, इतके ते सावकाश झाले. पण बाहेरून पाहणाऱ्या गावाला काय दिसले? बाई गप्प बसली आहे आणि कारभार नवरा पाहतो आहे. त्यांनी मत बनवले, आणि जे डोळ्यांना दिसत होते त्यावरून ते चुकीचेही नव्हते.

नवऱ्यांच्या कारभाराविषयी देशभर बोलले जाते. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने त्यासाठी २०२३ मध्ये समिती नेमली आणि पुढे तिचा अहवालही आला. त्या चर्चेत पुरुषी वृत्ती, शिक्षणाचा अभाव, पडदा, जात ही कारणे येतात, आणि ती खरीच आहेत. पण सीमाभागातील मराठी स्त्रीच्या बाबतीत नवरा ज्या दाराने पंचायतीत शिरतो, ते दार पुष्कळदा भाषेचे असते. पुरुष नोकरीच्या, बाजाराच्या, कोर्टकचेरीच्या निमित्ताने कन्नड शिकतो. मराठी शाळेत शिकून मराठी घरात नांदायला आलेल्या स्त्रीला ते शिकण्याचे निमित्तच मिळत नाही. पाच वर्षांसाठी तिला खुर्ची मिळते, पण त्या खुर्चीसमोरचा कागद तिला वाचता येत नाही.

आणि इथेच आपल्या चळवळीविषयी मला तळमळीने बोलायचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला गेला, तेव्हापासून आपण आपल्या भाषेत कागदपत्रे मिळावीत म्हणून भांडत आलो आहोत. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत, तिथे सूचना आणि परिपत्रके त्यांच्या भाषेत मिळावीत, हा निकष आपल्या प्रत्येक निवेदनात असतो. पण हा प्रश्न सर्वांत जास्त कोणाच्या मुळावर येतो, हे मी एकाही निवेदनात वाचलेले नाही. सातबाऱ्याऐवजी मिळणारा कन्नड उतारा पुरुष कोणाकडून तरी वाचून घेतो. कन्नड नडवळीवर सही करणारी बाई मात्र आपल्याच गावाच्या नजरेत अडाणी ठरते, आणि ‘बायकांना यातले काय कळते’ असे तिला म्हणणारी माणसे तीच असतात, जी दुसऱ्या दिवशी मराठी कागदांसाठी मोर्च्यात पुढे चालतात. आपल्या मागणीचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्या घरातच बसलेला आहे, आणि आपण त्याच्याकडे तिचा दोष म्हणून पाहतो.

दुसरे असे की मोर्च्याला, काळ्या दिनाच्या फेरीला, हुतात्म्यांच्या अभिवादनाला स्त्रिया हव्या असतात. उमेदवारीच्या यादीत मात्र त्या राखीव जागेपुरत्याच असतात. २०१३ मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचे, म्हणजे आपल्या समितीचे, दोन आमदार निवडून आले, दोघेही पुरुष. २०२३ मध्ये बेळगाव उत्तर, दक्षिण, ग्रामीण आणि खानापूर या चारही ठिकाणी समितीचे उमेदवार पुरुषच होते. महापालिकेत मात्र आरक्षणामुळे का होईना, समितीच्या स्त्रियांनी महापौरपद सांभाळले : २०१६ मध्ये सरिता पाटील, २०१७ मध्ये संज्योत बांदेकर. महापौरपद एका वर्षाचे असते, आणि वर्ष संपल्यावर त्या अनुभवाचे पुढे काय करायचे, याचा विचार कोणत्याही पक्षात झालेला मला दिसला नाही.

मी स्वतः मुलीचे चौथीचे कन्नड पुस्तक घेऊन पुन्हा सुरुवात केली. दीड वर्षाने मी सभेत उभी राहून नडवळीतला एक ठराव वाचला आणि तो मराठीत सांगितला. त्या दिवशी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण पुढच्या सभेच्या आधी शेजारच्या वॉर्डातील एक सदस्या माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘वैनी, माज्या गल्लीचं काय लिवलंय ते बगा की जरा.’ लोकांचे मत बदलायला सुरुवात झाली ती तिथून.

२०२० मध्ये वॉर्ड खुला झाला. मला कोणी विचारलेही नाही.

---

जुनाकार्यकर्ता

ताई, आपले लेखन दोनदा वाचले. मी १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात होतो, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

उमेदवारी देताना निवडून येण्याची शक्यता पाहावी लागते. समितीत अगोदरच गट, त्यात दोन-दोन उमेदवार, अशा स्थितीत जो खर्च पेलेल आणि ज्याच्यामागे गावेच्या गावे उभी राहतील, असाच माणूस शोधला जातो. यात स्त्रियांचा अवमान करण्याचा हेतू नसतो. शिवाय सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. अशा वेळी आपल्यात आणखी एक प्रश्न उभा केला तर त्याचा फायदा दुसरेच उठवतील, ही आमच्या पिढीची भीती आहे.

मात्र नडवळीविषयी आपण जे लिहिले आहे, ते माझ्या कधीच लक्षात आले नव्हते, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. माझी सूनही एका पंचायतीत सदस्य आहे आणि तिच्या सभांना माझा मुलगा जातो. मी त्याला आजवर ‘जबाबदार मुलगा’ समजत होतो.

---

तंबाखूपेठ

निपाणीतून लिहीत आहे. आमच्याकडचे चित्र पाहिले तर स्त्रीला लोक मत देत नाहीत, हे म्हणणेच टिकत नाही. निपाणीने शशिकला जोल्ले यांना २०१३, २०१८ आणि २०२३ असे सलग तीनदा विधानसभेवर निवडून दिले. बेळगाव ग्रामीणमधून लक्ष्मी हेब्बाळकर २०१८ आणि २०२३ मध्ये आल्या आणि २०२३ च्या मंत्रिमंडळात त्या एकमेव स्त्री मंत्री होत्या. २०१८ मध्ये खानापुरातून डॉ. अंजली निंबाळकरही होत्या, म्हणजे जिल्ह्यातील अठरा जागांपैकी तीन जागांवर स्त्रिया. २०२१ च्या पोटनिवडणुकीत मंगला अंगडी बेळगावच्या पहिल्या स्त्री खासदार झाल्या आणि २०२४ मध्ये चिकोडीतून प्रियांका जारकीहोळी. त्याच्याही कितीतरी आधी, १९९६ मध्ये, चिकोडीने रत्नमाला सवणूर यांना लोकसभेत पाठवले होते. त्याच वर्षी देवेगौडा सरकारने महिला आरक्षणाचे पहिले विधेयक लोकसभेत मांडले.

आता लोक लगेच म्हणतील की यातील अनेकींच्या पाठीशी घर आहे : कोणाचे पती खासदार होते, कोणाचे वडील मंत्री आहेत. हे खरे आहे. पण हाच हिशोब पुरुष उमेदवारांना लावून पाहावा. आपल्या जिल्ह्यातील किती पुरुष आमदारांच्या मागे घर, कारखाना किंवा सहकारी बँक नाही? मुलाने वडिलांची जागा घेतली तर तो ‘वारसदार’, आणि मुलीने घेतली तर ‘तिला काय, घरचंच आहे’. लक्ष्मी हेब्बाळकर यांच्याविषयी तर हेही म्हणता येणार नाही. २०१३ ची विधानसभा आणि २०१४ ची लोकसभा हरल्यानंतर त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. आणि त्यांनी ग्रामीण मतदारसंघातल्या मराठी बायकांपर्यंत मराठीतच पोहोचण्याचा प्रयत्न केला, ही गोष्ट आपण समितीवाल्यांनी मनावर घ्यायला हवी होती.

एक शेवटचे. आमच्या तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांनी १९८० च्या सुमारास संघटना बांधली आणि मजुरीसाठी मालकांशी टक्कर दिली. माझी आई त्यांत होती. जर्द्याच्या धुळीने दिवसभर खोकणाऱ्या त्या बायकांना वाटाघाटी कशा करायच्या ते कोणी शिकवले नव्हते. त्यामुळे बायकांना राजकारण जमत नाही, हे वाक्य मला माझ्या आईचा अपमान वाटते.

---

निवृत्तपंचायतसेवक

मी पंचायतीत नोकरी केली आहे, त्यामुळे मेजाच्या पलीकडून पाहिलेले सांगतो.

मार्कंडेयकाठ यांनी लिहिलेले बोट मी स्वतः अनेकदा टेकवले आहे. त्यात फसवण्याचा हेतू दरवेळी नसतो. सभा लांबलेली असते, सदस्यांना घाई असते, सह्या पूर्ण झाल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. पण सवय अशी लागते की बाई आली की बोट टेकवायचे आणि पुरुष आला की वही फिरवून त्याच्यासमोर ठेवायची. माझ्याकडूनही हे झाले, याचे आज वाईट वाटते.

अध्यक्षांना काही विचारले की ‘मालकांना विचारून सांगते’ असे उत्तर येते, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र दुसरीही बाजू मी पाहिली आहे. अध्यक्षपदाची मुदत अडीच वर्षांची. पहिले वर्ष समजून घेण्यात जाते, दुसऱ्या वर्षी बाई बोलू लागते, आणि तोवर पुढच्या अध्यक्षपदाची जुळवाजुळव सुरू झालेली असते. जी बाई बोलू लागते तिच्याविरुद्ध लवकर कुजबुज सुरू होते, हेही मी पाहिले आहे. गप्प बसणारीला लोक निरुपयोगी म्हणतात आणि बोलणारीला आगाऊ.

सदस्यांसाठी एक व्यवहारातली सूचना : सही करण्याआधी ‘ठराव वाचून दाखवा आणि मराठीत सांगा’ असे सभेतच, सर्वांसमोर म्हणावे. आम्हा कर्मचाऱ्यांना मराठी येते. एकदा म्हटले की पुढच्या वेळी आपोआप वाचून दाखवले जाते.

---

कणकुंबीचीलेक

मी सव्वीस वर्षांची आहे, खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीतली. मला पुढे निवडणूक लढवायची आहे आणि हे मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहीत आहे.

भाषेचा मुद्दा मला पटला, पण माझ्या पिढीला कन्नड येते. मी बेळगावला शिकले, कार्यालयातले कन्नडही वाचते. माझ्यासमोरची अडचण वेगळी आहे. आमच्याकडे सगळे निर्णय संध्याकाळनंतर होतात. कोणाचा अर्ज भरायचा, कोणी माघार घ्यायची, कोणत्या गावाने कोणाला मदत करायची, हे सगळे रात्री एखाद्या ढाब्यावर किंवा कोणाच्या तरी शेतघरात ठरते. सभा दिवसा होते तेव्हा ठरवण्यासारखे काही उरलेलेच नसते. मी दिवसाच्या सगळ्या बैठकांना जाते. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचे तिकीट लागत नाही म्हणून खानापूरला आणि बेळगावला जाणे सोपे झाले आहे, हे खरे. पण शेवटची गाडी चुकली तर मी काय करायचे? एकदा चुकली. एका वयस्कर कार्यकर्त्यांनी स्वतःच्या गाडीतून मला घरापर्यंत सोडले, त्यांची पत्नीही बरोबर होती. तरीही दुसऱ्या दिवशी गावात जे बोलले गेले ते मी इथे लिहीत नाही. आईने मला आठ दिवस घराबाहेर जाऊ दिले नाही. मुलांच्या बाबतीत रात्री उशिरा येण्याला ‘काम करतोय’ म्हणतात.

लोकांना माझे विचार काय आहेत, हे विचारावेसे वाटत नाही. लग्नाचे काय, हे मात्र विचारावेसे वाटते. लग्न झाले तर मतदारयादीत माझे नाव दुसऱ्या गावात जाईल, मग या गावाने माझ्यावर भरवसा का ठेवावा, असेही मला एकाने विचारले. या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

---

जुनाकार्यकर्ता

कणकुंबीच्या लेकी, बैठका दिवसा घ्याव्यात असा विषय मी आमच्या घटक समितीत मांडतो. मान्य होईल असे वचन देत नाही, पण मांडतो.

---

मार्कंडेयकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काही उत्तरे देते.

काका, आपण सुनेविषयी लिहिले त्याला धैर्य लागते. निवडून येण्याच्या शक्यतेविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. ही शक्यता आपोआप तयार होत नाही, ती घडवावी लागते. पुरुष कार्यकर्ता दोन निवडणुका हरतो तेव्हा आपण म्हणतो की त्याचा अनुभव वाढला. बाई एकदा हरली की आपण तिला घरी पाठवतो आणि पुढच्या वेळी नवी वैनी शोधतो.

पश्चिम बंगालमधील वीरभूम जिल्ह्यात अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक अभ्यास मी वाचला आहे. त्यांत एस्थर डफ्लो होत्या, ज्यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळाले. ज्या गावांनी कधी स्त्री प्रधान (म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीची प्रमुख) पाहिलीच नव्हती, तिथले पुरुष स्त्री नेत्याला कमी लेखत. पहिल्यांदा स्त्री प्रधान झाली तेव्हाही तिच्या कामाला लोकांनी कमीच गुण दिले. पण जिथे स्त्रीचा कारभार गावाने अनुभवला होता, तिथे स्त्रीच्या कर्तृत्वाविषयीचा संशय कमी झाला, आणि दुसऱ्यांदा पद राखीव झाल्यावर तर कामाच्या मूल्यमापनातला फरक जवळजवळ मिटला. नेता पुरुषच असावा ही आवड मात्र गेली नाही. मला यातून आपल्या गावचे कोडे उलगडले. मत बदलायला दुसरी संधी लागते, आणि आपल्याकडे वॉर्ड फिरतो तेव्हा बाईची पहिलीच संधी तिची शेवटची ठरते. खुल्या वॉर्डातून तिला पुन्हा उभे करणे कायद्याने कोणी रोखलेले नाही.

विधानसभेतील आणि लोकसभेतील आरक्षणाचा कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने मंजूर केला. पण तो जनगणनेला आणि मतदारसंघांच्या फेररचनेला जोडलेला होता. कर्नाटकात २०२३ मध्ये २२४ आमदारांत दहा स्त्रिया निवडून आल्या. तालुका आणि जिल्हा पंचायतींच्या निवडणुका २०१६ नंतर इतकी वर्षे लांबल्या, आणि ग्रामपंचायतीत शिकलेली बाई जिथे पुढे जाणार, ती मधली पायरीच त्यामुळे नाहीशी झाली. याविषयी कोणीच आवाज उठवला नाही याचे मला फार वाईट वाटते, कारण पुरुषाला आमदारकीकडे जायला बँक, कारखाना, सोसायटी अशा पाच वाटा असतात. आमच्यासाठी ती एकच वाट होती.

कणकुंबीच्या लेकी, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडेही नाही. एवढेच सांगते की काकतीत जन्मलेली चन्नम्मा लग्न होऊन कित्तूरला गेली आणि १८२४ मध्ये इंग्रजांविरुद्ध उभी राहिली ती कित्तूरच्या लोकांना घेऊन. सासरच्या गावाने तिला परकी मानले नाही. तुझे गाव कोणते, हे तू ठरव, आणि निघण्यापूर्वी मला फोन कर. शेवटची गाडी चुकली तर माझ्याकडे मुक्कामाला ये. पत्ता खासगी निरोपात पाठवते.

निवृत्त पंचायतसेवकांची सूचना उत्तम आहे. त्याला जोडून मी एक देते. कन्नड शिकताना मी एक वही केली होती. पंचायतीच्या कागदांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द तिच्यात मराठी अर्थासह लिहिले आहेत. कन्नड शिकल्याने मराठी कागदांची आपली मागणी कमी होते असे कोणी समजू नये. ती मागणी मीही करते आणि करत राहीन. पण तोवर आपल्या बायकांनी न वाचता सही करू नये. पहिल्या पानावरचे काही शब्द खाली लिहिते. उच्चारात चूक असेल तर कन्नड जाणणाऱ्या सभासदांनी दुरुस्त करावी.

नडवळी म्हणजे सभेचे वृत्त. तेरिगे म्हणजे पट्टी, कर. कामगारी म्हणजे बांधकामाचे काम. कुडियुव नीरु म्हणजे पिण्याचे पाणी. चरंडी म्हणजे गटार. बीदी दीप म्हणजे रस्त्यावरचा दिवा. सही म्हणजे सहीच. मुंदूडिके म्हणजे तहकूब. हा शब्द दिसला की आपला विषय पुढच्या सभेवर गेला आहे असे समजावे आणि तारीख विचारावी.

पुढची पाने रविवारी लिहून टाकते.